कुणी बघत नसलेला टीव्ही

प्रिय मित्रा,

मुलांनी टीव्ही किती बघायचा, याचं तुझं वेळापत्रक पाहिलं. थोरल्याला अर्धा तास, धाकटीला वीस मिनिटं, नियम पाळला की एक चांदणी. तिसऱ्या दिवशी रडारड आणि चौथ्या दिवशी तुम्हा नवरा-बायकोचंच वाजलं. 'आमचं चुकतंय कुठे?' असं विचारतोस. त्या चौकोनांत तुमच्या दोघांचा टीव्ही कुठे आहे, ते आधी सांग.

मागे मी तुझ्याकडे आलो तेव्हा दोन तास बातम्या चालू होत्या. तू माझ्याशी बोलत होतास, बायको आतल्या खोलीत होती, मुलं सोफ्यामागे ठोकळे रचत होती. बघत कुणीच नव्हतं. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. कुणी बघत नसलेला टीव्ही बंद कर. मुलांचं नंतर बघू.

तू म्हणशील, पोरं बघतच नाहीत तर बिघडलं काय? अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना तासभर खेळणी दिली आणि त्यातला अर्धा तास शेजारी मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलांनी त्याकडे अधूनमधून काही क्षणच पाहिलं. तरीही त्यांचा खेळ तुटत राहिला. एका खेळण्यात रमण्याचा वेळ कमी झाला. पुढच्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. टीव्हीचा आवाज ऐकू येणाऱ्या दर तासामागे बाळाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे 770 ने कमी भरले. टीव्ही बोलतो तेव्हा आपण गप्प बसतो, दुसरं काय!

आणि धाकटीला वीस मिनिटं कशाला रे? सव्वा वर्षाची आहे ती. तिच्या वयाला टीव्ही नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एक तास ही वरची मर्यादा आहे, त्याहून कमी तेवढं बरं. तुम्ही समान वाटणी करायला बसलात. तिने मागितला होता का?

हे सगळं मला शहाणपणातून सुचलेलं नाही. माझी मुलगी चार वर्षांची असताना मी कामावरून आलो की आधी टीव्ही लावायचो. बघायला नव्हे, डोकं शांत करायला. ती चित्र घेऊन खुर्चीशी उभी राहायची आणि जाहिरात लागली की बोलायची. जाहिरात संपली की अर्ध्या वाक्यात थांबायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोठेपणी तिनेच हसत हसत सांगितलं, सगळे हसले, मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा हे कुणी सांगणारं नव्हतं, दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरात एक आवाज सोबतीला हवा असतो, हे खरंच आहे. पण ती उभी असायची, हेही खरं आहे.

तेव्हापासून मी हट्टी झालो. लोकांच्या घरीही विचारतो, 'बघताय का? नाही ना? मग बंद करू?' बायको म्हणते, हा उद्धटपणा आहे. म्हणते, पोरगी लहान होती तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तरी मी रिमोट उचलतोच.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. दोघांची नोकरी, त्यात संध्याकाळचा स्वयंपाक. त्या अर्ध्या तासात थोरल्याला एखादं कार्टून लावून दिलंस तर अपराधी वाटून घेऊ नकोस. तो तर बघण्यासाठी लावलेला टीव्ही झाला. फक्त घड्याळ बघून मधेच बंद करू नकोस, गोष्ट संपू दे. तुझी निम्मी रडारड तिथली आहे. आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो ती सोय सेटिंगमध्ये जाऊन आजच काढून टाक. पूर्वी कार्यक्रम निदान संपायचे तरी.

तुझ्या वडिलांना मात्र काही बोलू नकोस. ते खरोखर बघतात, त्यांना हेडफोन आणून दे. माझा नियम त्यांना लागत नाही. तुला लागतो.

पहिले आठ दिवस जड जातील ते तुम्हाला, पोरांना नव्हे. जेवताना शांतता पडेल, मग तुमच्यातलं एखादं जुनं भांडणही वर येईल. येऊ दे. आमच्याकडे आलं होतं. पण त्यासाठी पुन्हा बातम्या लावू नकोस.

पुढच्या रविवारी येतोय. बेल वाजवण्याआधी मिनिटभर दाराबाहेर उभा राहून कानोसा घेणार आहे. धाकटीला सांग, ठोकळे काढून ठेव.

तुझा,
पोरांचा काका