‘असूनही’ खोड

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठीचा मास्तरांवरचा तुझा लेख दोनदा वाचला. अडलीस ती पहिल्याच ओळीत. मास्तरांच्या घरी कानडी बोलत, हे लिहू की गाळू? लिहिलं तर हे चिडतील, गाळलं तर ते. चिडू देत. आपल्या बेळगाव-खानापूरच्या सीमाभागात कुणावर चार ओळी लिहिल्या की कुणीतरी चिडतंच. मला एवढंच सांग, त्या कानडीनं मास्तरांच्या आयुष्यात काय केलं?

धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. कविता केली कन्नडमध्ये, १९७३चं ज्ञानपीठ मिळालं तेही कन्नड कवितेला. तिथं घरची मराठी गाळलीस तर त्या माणसाची अर्धी वाटचालच गेली. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, कोमकलीमठांच्या कानडी घरातले. बालपणावर लिहिताना ते येईलच. पण क्षयानं गाणं थांबलं, देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या माळवी लोकगीतं कानावर येत राहिली, त्या भागात ‘कानडी’ कशाला? तिथं काम माळवीनं केलं. एकाच माणसाच्या चरित्रात एका पानावर हवं ते दुसऱ्या पानावर नको असतं. काय केलं, ते बघ.

हे मला कुणी शिकवलं नाही. १९८६चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन होऊन फार दिवस झाले नव्हते. माणूस दिसला की आपला का त्यांचा, हे आधी बघायची खोड डोळ्यांना लागलेली. वडगावातल्या एका विणकरावर मी लिहिलं, ‘कानडी भाषक असूनही मराठी भजनात रमणारे’. कौतुकच करत होतो, आजही तसंच म्हणेन. त्यांनी नातीकडून लेख वाचून घेतला आणि विचारलं, “असूनही म्हणजे? माझ्यात काय कमी होतं?” चहा दिला, भांडले नाहीत. पण तोवर दारात दिसलो की कानडीत “बा अण्णा”, म्हणजे ये दादा, म्हणायचे, त्यानंतर “या साहेब”. शेवटपर्यंत साहेबच.

मग मी उलट्या बाजूला जाऊन पडलो. पुढं एका कार्यकर्त्यावर लिहिताना जातच गाळली. त्यांना लहानपणी शाळेच्या पायरीवर बसवत, एवढंच लिहिलं. एका वाचकानं विचारलं, उशिरा येत होते काय? मी माणूस बघतो, जात बघत नाही, असं तेव्हा ऐटीत सांगत फिरलो. भ्यालो होतो, दुसरं काही नाही. पायरीवर त्यांना जातीनं बसवलं होतं आणि तिचंच नाव माझ्या लेखात नव्हतं.

म्हणून तुझ्यावर चिडलो गं. तुझ्याच लेखात चौथ्या पानावर आहे की. रविवारी मास्तर देवळाच्या कट्ट्यावर बसत, तहसीलदार कचेरीतून आलेल्या कन्नड नोटिसा लोकांना मराठीत वाचून दाखवत, कुठं सही करायची नाही ते सांगत. त्यांची कानडी तिथं घाल, आणि चांगल्या चार ओळी घाल. वर गाव आणि शाळा पुरे. तुझ्याही तिसऱ्या परिच्छेदात एक ‘असूनही’ बसलाय, तो काढ.

आणि मास्तर स्वतः ‘कानडी’ म्हणत का ‘कन्नड’, ते त्यांच्या लेकीला विचार. ती टिळकवाडीत असते. दुपारी जाऊ नको, झोपते.

तुझा,
काका