पायांची आग कमी झाली, पण बधिरपणा वर सरकतोय. पुढे काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की नसांच्या बिघाडामुळे (न्यूरोपॅथी) दोन वर्षांपूर्वी फक्त पायाच्या बोटांत होणारी आग आता घोट्याच्या वर आली आहे, गोळ्या चालू असूनही रात्री झोप लागत नाही. आणि जाता जाता असंही लिहिलंय की अंगठ्याची आग हल्ली कमी झाली आहे. मला हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

गोळीचा परिणाम सोडला, तर आग कमी होते ती मुख्यतः दोन कारणांनी. एकतर नस सावरते, नाहीतर कळ पोचवणारे तंतूच निकामी होतात. फरक घरी पाहता येतो. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी कापसाचा बोळा अंगठ्याला हलकेच, मधूनमधून लावायला सांगा. लागला की तुम्ही 'हो' म्हणायचं. कळ गेली आणि स्पर्शही गेला असेल, तर ती सुधारणा नव्हे. अशा पायाची काळजी जास्त घ्यावी लागते, कमी नाही.

हाच बोळा दर महिन्याला बोटांपासून वर नेत जा. स्पर्श नीट कळायला लागतो तिथे पेनने रेघ मारा, अंगठ्याच्या टोकापासून टेपने अंतर मोजा, दोन्ही पायांचं वेगळं लिहा. शेजारी कळेला ० ते १० मधला आकडा द्या. 'वाढलंय' म्हणण्यापेक्षा 'तीन महिन्यांत चार सेंटिमीटर वर आलंय' हे डॉक्टरांच्या फार उपयोगाचं असतं.

सहसा सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पावलांपासून होते आणि बधिरपणा गुडघ्याजवळ आला की हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. हा क्रम मोडला, म्हणजे आधी हातांत आलं किंवा एकाच पायात वाढलं, तर कारण वेगळं असू शकतं. लवकर तपासून घ्या. काही दिवसांत पायांतली ताकद जाऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मधुमेह असला की सगळं त्याच्यावर ढकललं जातं. पण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्यानेही नसा बिघडतात, तेव्हा ती तपासणी मागून घ्या. 'नसांची ताकद' म्हणून मनाने जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र नकोत: बी६ जास्त झालं तर तेच नसा खराब करतं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. साखर बराच काळ वाढलेली असताना ती एकदम खाली आणली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तीन महिन्यांत २ अंकांहून जास्त उतरलं, तर आग उलट भडकू शकते. पण तेवढ्यासाठी उपचार सोडायचे नाहीत; वेग डॉक्टरांशी बोलून ठरवायचा.

आता गोळ्या. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन या कळेवर फारसं चालत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही इथली औषधं. ती कमी मात्रेपासून चढवतात, आणि पुरेशी मात्रा दोन ते चार आठवडे घेतल्याशिवाय निकाल कळत नाही. बऱ्याच जणांचं फसतं ते इथेच: पहिल्याच आठवड्यात गुंगी आली म्हणून गोळी बंद. कळ निम्म्यावर आली तरी औषध चांगलं लागू पडलं असं समजा. पूर्ण जाईल ही अपेक्षा ठेवू नका. झोप लागत नसेल तर गुंगी आणणारी मात्रा रात्रीकडे सरकवता येते का ते विचारा. मूत्रपिंड कमजोर असेल तर पहिल्या दोन औषधांची मात्रा कमी ठेवतात. काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा लघवी अडत असेल तर अमिट्रिप्टिलिनआधी ते सांगा. कोणतंही औषध एकदम तोडू नका.

रात्री आग भडकली की बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसावंसं वाटतं. ते टाळा. बधिर कातडी गारठून फाटली तरी कळत नाही, आणि ती जखम भरायला महिने जातात. त्याऐवजी पंख्याचा वारा घ्या. चादर टोचत असेल तर पायथ्याशी खोकं ठेवून चादर त्यावरून टाका, पावलांना लागणार नाही. गरम पाण्याची पिशवी नकोच. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने पाहा.

बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवा: खडा, सुरकुतलेलं अस्तर, वर आलेला खिळा. मोजा उलटा घाला, म्हणजे शिवण बाहेर राहील. चप्पल पायातून कधी निसटली तेच कळत नसेल, तर मागे पट्टा असलेलं पादत्राण घ्या. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जात असेल, तर बेसिनला धरून उभं राहा आणि रात्री वाटेत दिवा ठेवा.

तळव्याखाली आरसा धरून रोज पाहा. पाऊल लाल, गरम, सुजलेलं दिसलं आणि दुखत नसलं, तरी त्यावर भार टाकू नका. आतली हाडं खचत असू शकतात. त्याच दिवशी दाखवा.