समुद्रालगत पाण्याची मुख्य लाइन पडताना काय तपासावं?

तुमच्या वाडीत नवी लाइन पडतेय आणि चर उथळ वाटतोय, म्हणून विचारलंत ते बरं केलंत. पाइपच्या माथ्यावर साधारण 1 मीटर माती हवी. जांभा फोडायला जड जातो, म्हणून चर उथळ सोडला जातो. स्वतः टेप लावून बघा. टोकदार जांभ्यावर पाइप थेट टेकू देऊ नका, खाली वाळूचा थर हवाच. मात्र ती पुळणीवरची नको, तिच्यातलं मीठ लोखंड खातं. डीआय, म्हणजे डक्टाइल आयर्न या ओतीव लोखंडाचा पाइप (भारतीय मानक आयएस 8329) असेल तर खाऱ्या जमिनीत वरून पॉलिथिनचं आवरण मागा. आणि दाबाची चाचणी सांधे उघडे असतानाच घ्यायला लावा. एकदा चर बुजला की गळती शोधणं फार कठीण.

लाइनवर उभ्या खांबाचा फायर हायड्रंट, म्हणजे आग विझवायला पाणी घ्यायचा नळ, असेल तर त्याला आयएस 908 लागू होतं. तोंड 63 मिमीचं, बंबाचा होस लगेच बसतो. आमच्याकडे गवताला वणवा लागला तेव्हा हायड्रंटच्या तोंडाची टोपी गंजून अशी घट्ट बसली होती की पान्यावर हातोडा मारूनही हलेना. शेवटी विहिरीवरून कळशांनी पाणी वाहिलं. खाऱ्या वाऱ्यात असं होतंच. पावसाळा सरला की टोपी उघडून, ग्रीस लावून, पाणी सोडून बघायचा आग्रह धरा.