वाघ्या, शेरू आणि दाराआडची चादर

प्रश्न : डॉक्टर, आमचा वाघ्या सहा वर्षांचा कारवानी कुत्रा. दिवाळीनंतर गावाकडून दोन वर्षांचा शेरू आणला. दोघंही नर. आठ दिवस बरे गेले, आता रोज संध्याकाळी भाकरीच्या वेळी दारातच जुंपते. परवा हे पट्टा धरून ओढायला गेले, तर वाघ्याच यांच्या हाताला चावला. हळद भरलीय. शेरूला परत पाठवावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, शेरूचं नंतर बघू, आधी हात. अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच, इतरांसाठी लिहितो. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं. हळद नाही, चुना नाही. त्याच दिवशी दवाखाना. ‘आपलंच कुत्रं आहे’ म्हणून थांबायचं नाही आणि रेबीजची लस अर्ध्यात सोडायची नाही.

वाघ्याने डूख धरला नव्हता. भांडणात मानेला हात लागला की कुत्रं वळून मिळेल ते धरतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर दोन वण आहेत, अक्कलकोट रोडच्या एका वस्तीवरचे. डॉक्टर असून मीही पट्ट्यालाच हात घातला होता!

सोलापुरात जुनी जाड चादर कुठल्या घरात नाही? ती दाराआड खुंटीला ठेवा. जुंपली की दोघांच्या तोंडावर टाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की पकड बऱ्याचदा सैल पडते. तेवढ्यात दोघा माणसांनी एकेकाचे मागचे पाय मांडीपाशी उचलायचे आणि हातगाडा मागे ओढावा तसं एकाच वेळी मागे सरायचं. सोडायचं ते मध्ये दार लावूनच. एकट्याने या फंदात पडू नये. खुर्ची नाहीतर फळी मध्ये सारावी, तोंडावर बादलीभर पाणी मारावं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे पिंप भरलेलं असतंच! दात रुतले असतील तर हिसका देऊ नका, मांस फाटतं. आरडाओरडा आणि काठीने ती आणखी पेटतात.

नंतर केस बाजूला करून मान, काखा तपासा. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि तिसऱ्या दिवशी आत पू झालेला असतो.

तुमची खरी अडचण ते अरुंद दार आहे. भाकरी दोन खोल्यांत, दार लावून घाला. खाणं झालं की ताटल्या उचला. तव्यावर भाकरी पडली की वाघ्याकडे बघत जा. तोंड मिटतं, अंग ताठ होतं, शेपटी वर थांबते, नजर हलत नाही. त्या क्षणी नेहमीच्या आवाजात ‘चल रे’ म्हणून बाहेर न्या. गुरगुरला म्हणून मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल. सकाळी दोघांना दोन माणसांनी, अंतर ठेवून, पट्टा सैल सोडून एकाच रस्त्याने फिरवा.

वाघ्याचे दात आणि सांधे एकदा दाखवून घ्या, दुखणारं कुत्रं लवकर चिडतं. नसबंदीने फरक पडू शकतो, पण दारातली भाकरी तशीच राहिली तर भांडणही राहील.

महिनाभर हे करा. तरी रक्त निघत असेल, तर शेरूला खुशाल गावाकडे पाठवा. तिथे त्याला रान आहे.