फ्रँकोचा स्पेन ‘तटस्थ’ होता का?

दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनबद्दल मूळ लेखात ‘नो बेलिहेरान्सिया’ (शब्दशः, युद्धात सामील नसणं) असा शब्द येतो, त्याला ‘तटस्थता’ म्हणावं की ‘अलिप्तता’? आणि बुडापेस्टमधले स्पॅनिश मुत्सद्दी आंखेल सांझ ब्रिझ यांना ‘राजदूत’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्या प्रश्नात दिलेले दोन्ही शब्द नकोत. ‘तटस्थ’ तर मुळीच नको, कारण तो शब्द फ्रँकोच्या सरकारने स्वतःच बाजूला सारला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा स्पेनने रीतसर तटस्थता जाहीर केली. १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली, फ्रान्स कोसळायला आला, आणि लगेच १२ जूनला माद्रिदने ‘तटस्थ’ ऐवजी ‘नो बेलिहेरान्ते’ ही भूमिका जाहीर केली. हा शब्द मुसोलिनीकडून उचललेला. आदल्या सप्टेंबरात इटलीने तोच वापरला होता आणि नऊ महिन्यांनी ती लढाईत होती. त्यामुळे या शब्दाचा रोख कुठे आहे हे प्रत्येक वकिलातीला कळलं.

दोनच दिवसांनी, १४ जूनला, जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं त्याच दिवशी, स्पॅनिश मोरोक्कोतल्या फौजांनी टँजियर हे आंतरराष्ट्रीय शहर ताब्यात घेतलं. कारण काय दिलं? शहराची तटस्थता राखण्यासाठी! स्वतःपुरता टाकलेला शब्द दुसऱ्याच्या गावात शिरायला कामी आला. नोव्हेंबरात मग ते शहर सरळ आपल्या प्रदेशाला जोडून घेतलं.

‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. प्रवाहात न उतरणं एवढंच त्यात नाही, दोन्ही बाजूंपासून सारखं अंतर राखणंही आहे. १९०७ च्या हेग करारांतही तटस्थ देशाची कर्तव्यं सांगितली आहेत. त्याचं बंदर कुणाही युद्धमान राष्ट्राचा आरमारी तळ होता कामा नये, हे त्यातलंच. इकडे व्हिगो आणि कादिझच्या बंदरांत जर्मन पाणबुड्या रात्री गुपचूप इंधन आणि रसद भरून घेत होत्या. ऑक्टोबर १९४० मध्ये फ्रँकोचे साडू सेरानो सून्येर परराष्ट्रमंत्री झाले. त्याच महिन्यात, २३ तारखेला, फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या आंदाय इथे फ्रँको-हिटलर भेट झाली. फ्रँकोने मागितलेली किंमत जड होती: जिब्राल्टर, फ्रेंच मोरोक्को, शिवाय धान्य आणि इंधन. तारीख न घालता युद्धात उतरण्याचं कबूल करणारा गुप्त मसुदा झाला, तारीख मात्र कधीच पडली नाही. १९४१ मध्ये स्पॅनिश सैनिकांची ‘निळी डिव्हिजन’ रशियन आघाडीवर गेली. कागदोपत्री स्वयंसेवक, अंगावर जर्मन गणवेश. याला तटस्थ म्हणणं म्हणजे शब्दावर अन्याय आहे.

‘अलिप्त’ का नको? हा शब्द मराठीत आता नेहरू, नासर, टिटो यांच्या धोरणाला बांधला गेला आहे. तो १९४० च्या माद्रिदला लावला की वाचकाच्या मनात भलतंच चित्र उभं राहतं. कौटिल्याचा ‘उदासीन’ राजा परराष्ट्रव्यवहाराच्या परिभाषेतला खरा, पण आजच्या मराठीत उदासीन माणूस तोंड पाडून बसलेला असतो.

माझी पसंती ‘बिगर-युद्धमान’ या शब्दाला आहे. संस्कृतात शुद्ध रूप ‘युध्यमान’, पण मराठीत ‘युद्धमान’ रुळलं आहे, ते राहू द्यावं. ‘अयुद्धमान’ही चूक नाही. तरी ‘बिगर’ मला जास्त नेमकं वाटतं. जमीन बिगरशेती होते ती सरकारी हुकमाने, कागदावर. तिथे उद्या काय उभं राहील हे ‘बिगर’ सांगत नाही. स्पेनचा दर्जाही असाच जाहीरनाम्याने ठरलेला होता.

याच कौटिल्याच्या षाड्गुण्यात, म्हणजे परराष्ट्रव्यवहाराच्या सहा धोरणांत, ‘द्वैधीभाव’ आहे, एकाशी संधी (तह) आणि दुसऱ्याशी विग्रह (युद्ध). पूर्वेकडे रशियाविरुद्ध आपण लढाईत आहोत आणि पश्चिमेकडच्या युद्धात नाही, युद्धं वेगवेगळी आहेत, अशी मांडणी फ्रँको परदेशी राजदूतांपुढे करत असे. भाष्य करताना ‘द्वैधीभाव’ जरूर वापरा, पण मूळ संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून नको.

आणि ‘बिगर-युद्धमान’ हा शब्दही सगळ्या युद्धकाळाला लावू नका. १९४२ मध्ये सेरानो पदावरून गेले आणि काउंट होर्दाना परराष्ट्रमंत्री झाले. त्यांनी गाडी हळूहळू मागे वळवली. ऑक्टोबर १९४३ मध्ये स्पेन पुन्हा तटस्थतेची भाषा बोलू लागला आणि निळी डिव्हिजन परत बोलावली गेली. जून १९४० ते ऑक्टोबर १९४३ एवढ्याच काळासाठी ‘बिगर-युद्धमान’, त्याच्या आधी आणि नंतर ‘तटस्थ’. पूर्ण युद्धाबद्दल एकच वाक्य हवं असेल तर ‘स्पेन अधिकृतपणे युद्धात उतरला नाही’ असं लिहा.

आता सांझ ब्रिझ. ते राजदूत नव्हते. १९४४ मध्ये बुडापेस्टच्या स्पॅनिश वकिलातीचा कारभार त्यांच्याकडे होता, म्हणून ‘प्रभारी दूत’ लिहावं. पेशवाईतला ‘वकील’ अर्थाने जवळचा, पण आज वाचकाला कोर्ट आठवेल. पद बरोबर लिहायला हवं, कारण ते कनिष्ठ असूनच त्यांनी पाच हजारांहून अधिक ज्यूंना वाचवलं. हंगेरीने २०० माणसांना स्पॅनिश संरक्षण देण्याची परवानगी दिली होती. त्यांनी ‘माणसं’चं ‘कुटुंबं’ केलं, आणि कागदांवर २०० च्या पुढचा आकडा येऊच नये म्हणून क्रमांकांना अक्षरं जोडून नव्या मालिका सुरू केल्या. ‘राजदूत’ लिहिलंत तर हे सारं माद्रिदच्या बड्या अधिकाराने घडलं असं वाटेल.