विंडोज 7 वाल्या डीटीपीच्या दुकानाला अँटीव्हायरस पुरतो का?

प्रश्न: माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर विंडोज 7 चा आहे, जुना, पण छान चालतो. पैसे भरून चांगला अँटीव्हायरस टाकला तर पुरे ना, की नवीन मशीन घ्यावंच लागेल? आमच्यासारख्या छोट्या दुकानाला कोण हॅकर त्रास देणार?

उत्तर:

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि समोरची पत्रिका तशीच ठेवून लिहायला बसले. माझा मोठा भाऊ दोन वर्षं हेच म्हणत होता. शब्दसुद्धा हेच.

आमचं दुकान ठाण्यात, नौपाड्यात. बाबांनी सुरू केलं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, पावतीपुस्तकं, एखाद्याचा घरगुती कवितासंग्रह, असलं काम. कंपोझिंग माझ्याकडे, गिऱ्हाईक आणि वसुली दादाकडे, छपाई वागळे इस्टेटमधून करून घेतो. विंडोज 7 आमच्याकडेही होतं आणि ते का ठेवलं होतं हे तुम्हाला सांगायला नको. पानं लावायचा पेजमेकर, मराठी फॉन्टांच्या श्रीलिपीचं जुनं व्हर्जन, ते चालण्यासाठी मशीनला लावून ठेवावा लागणारा त्याचा डोंगल, आणि त्या फॉन्टांत अडकलेलं इतक्या वर्षांचं मॅटर. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. त्यामुळे विंडोज 7 ठेवलं म्हणून मी तुम्हाला बोल लावणार नाही. जे लोक 'अपग्रेड करा की' म्हणून मोकळे होतात, त्यांनी जुन्या फॉन्टातली शंभर पानांची स्मरणिका एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत आणून, त्यातले रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करून दाखवावीत.

आता घडलेलं सांगते. 2019ची दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि पत्रिकांची झुंबड सुरू झाली. एकतीस पत्रिका हातात होत्या. सोमवारी सकाळी मशीन चालू केलं तर डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाइलींचे आयकॉन पांढरे. प्रत्येक नावाच्या शेवटी चार अक्षरांचं नवं शेपूट. पेजमेकरच्या फाइली, डिझाइनच्या कोरलच्या फाइली, स्कॅन केलेले गणपती, बॉर्डरी, टॅलीचा डेटा, सगळं तसंच. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल होती. त्यात लिहिलं होतं की फाइली परत हव्या असतील तर 980 डॉलर, आणि 72 तासांच्या आत संपर्क केला तर निम्मे, म्हणजे 490. तेव्हाच्या भावाने पस्तीस हजार रुपये.

आणि बॅकअप? बॅकअप होता. एक टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क होती, दादाने माझ्याच हट्टापायी घेतलेली. ती दोन वर्षं यूएसबीला लावलेली होती, कधी काढलीच नव्हती. त्यामुळे तिच्यातल्या फाइलींनाही तीच चार अक्षरं.

हट्ट का धरला होता, तेही सांगते. माझा नवरा न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात काम करतो. 27 जून 2017ला नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा जेएनपीटीतल्या, म्हणजे तिथल्याच बंदरातल्या, मर्स्क ह्या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले आणि कोणता कंटेनर कुठे आहे हे कागदावर शोधायची पाळी आली. नवरा रात्री उशिरा घरी यायचा आणि हेच सांगायचा. तो व्हायरस सुरू कुठून झाला, तर युक्रेनमध्ये टॅक्स भरायला वापरतात त्या मेडॉक नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. उरणच्या बंदराचं त्या टॅक्सशी काय देणंघेणं? काही नाही. तरी फटका बसलाच. त्याआधी दीड महिना, 12 मे 2017ला, वॉनाक्राय हा फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस येऊन गेला होता. त्याने दीडशे देशांत दोन लाखांच्या वर मशीनं धरली आणि त्यात सगळ्यात जास्त विंडोज 7 होती. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेला होता. लोकांनी टाकला नव्हता, एवढंच.

म्हणून 'छोट्या दुकानाला कोण त्रास देणार' हा प्रश्नच मला मान्य नाही. आधी दुकान बघायचं आणि मग आत शिरायचं, असं हे प्रोग्रॅम करत नाहीत. जिथे दार उघडं मिळेल तिथे शिरतात. फाइल बंदराची आहे की बारशाच्या पत्रिकेची, ह्याने त्यांना फरक पडत नाही. हे मी दादाला 2017मध्ये तोंड दुखेपर्यंत सांगितलं. त्याने डिस्क आणली, लावली आणि 'झालं तुझं समाधान?' म्हणाला.

असो. त्या सोमवारी दादाने पहिला प्रश्न विचारला, "पेनड्राइव्ह कोणाचा लावला होतास?"

शनिवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. पंचाहत्तरीच्या आसपासच्या असतील. नवऱ्याच्या कविता त्यांनी स्वतः टाइप करून पेनड्राइव्हवर आणल्या होत्या, पहिल्या वर्षश्राद्धाला छोटं पुस्तक काढायचं म्हणून. तो पेनड्राइव्ह मी लावला होता. बस, दादाला एवढं पुरलं. त्याने त्या बाईंना फोन केला आणि माझ्यासमोर, बाबांसमोर नको ते बोलला. तुमच्या पेनड्राइव्हने आमचा धंदा बुडवला, इथपर्यंत. दुपारी बाई स्वतः आल्या, काउंटरपाशी उभ्या राहून दोनदा सॉरी म्हणाल्या, पेनड्राइव्ह घेतला आणि गेल्या. ते मला आजही सहन होत नाही.

कारण दोष त्यांच्या पेनड्राइव्हचा नव्हताच. मी त्या संध्याकाळी फाइलींच्या वेळा काढल्या. सगळ्यात पहिली बिघडलेली फाइल शनिवारी रात्री 8.40ची होती. मी सातलाच निघाले होते. आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये रात्री 8.22ला उतरवलेली एक झिप होती, कोरलच्या नव्या व्हर्जनच्या क्रॅकची, म्हणजे पैसे न भरता ते चालवायच्या जुगाडाची. आमच्याकडे यायचा तो कॉम्प्युटरवाला मुलगा दादाने मी गेल्यावर बोलावला होता. गिऱ्हाइकाची फाइल नव्या व्हर्जनमधली होती आणि आमच्या जुन्या कोरलमध्ये उघडत नव्हती, म्हणून.

आता तुमच्या अँटीव्हायरसच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्याकडे अँटीव्हायरस होता. पैसे भरलेला. मुदत संपायला अजून तीन महिने होते. क्रॅक टाकायच्या आधी त्या मुलाने तो बंद केला, कारण चालू ठेवला तर तो क्रॅक उडवतो. आपल्या धंद्यात हे सगळेच करतात आणि 'उगाच व्हायरस दाखवतो' असं म्हणतात. त्या रात्री तो उगाच दाखवत नव्हता. जो अँटीव्हायरस आपणच हाताने बंद करणार, त्याच्यावर दोन हजार रुपये कशाला घालायचे?

मी रीडमी आणि एक बिघडलेली फाइल आयडी रॅन्समवेअर ह्या, फाइली कोणत्या व्हायरसने अडकवल्या ते सांगणाऱ्या साइटवर चढवली. फुकट आहे, तुम्हाला कधी गरज न पडो. उत्तर आलं, स्टॉप, म्हणजेच डीजेव्हीयू. हा प्रकार पसरतो तोच मुख्यतः क्रॅक आणि अॅक्टिव्हेटरमधून. एम्सीसॉफ्ट ह्या अँटीव्हायरस कंपनीने त्याच्या 148 उपप्रकारांसाठी फाइली सोडवणारा मोफत डिक्रिप्टर नुकताच, ऑक्टोबर 2019मध्ये काढला होता. रात्री एकला मी तो चालवला तेव्हा हात थरथरत होते. आमचा उपप्रकार ऑगस्टनंतरचा निघाला आणि फाइलींना लावलेल्या कुलपाची किल्ली त्या चोरांच्या सर्व्हरवरून आलेली, म्हणजे सुटणार नाही. त्या व्हायरसला सर्व्हर सापडला नाही तर तो स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरतो आणि मग पुढेमागे आशा असते. आमच्या दुकानाचं इंटरनेट नेमकं त्या रात्री नीट चालू होतं.

दादा पैसे भरायला तयार होता. कोणी एक डेटा रिकव्हरीवाला पंचवीस हजारांत काढून देतो म्हणत होता. मी नको म्हटलं. किल्ली तर त्या चोरांकडे, मग हा कुठून काढणार होता? बाबांनीही नको म्हटलं, आणि मग आत जाऊन बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले.

बाबा दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, वर्षभराचं मॅटर सीडीवर राइट करून ठेवायचे. वर मार्करने साल. 2014मध्ये त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते थांबलं, आणि आम्ही दोघांपैकी कोणी ते पुढे चालवलं नाही. ठाण्याच्या दमट हवेत चार सीडींना बुरशी लागली होती, बाकीच्या वाचता आल्या. लेटरहेड, सोसायट्यांचे नमुने, बाबांनी हाताने काढून स्कॅन केलेल्या बॉर्डरी, 2013पर्यंतचं बरंचसं परत आलं. मर्स्कचंही असंच झालं होतं, हे नंतर छापून आलं तेव्हा वाचलं. जगभरच्या त्यांच्या मुख्य सर्व्हरांपैकी घानामधला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो बंद होता. त्या एका प्रतीवरून त्यांनी नेटवर्क पुन्हा उभं केलं. सीडी काय आणि बंद पडलेला सर्व्हर काय, वायर जोडलेली नव्हती म्हणून वाचलं.

एकतीस पत्रिका मी खिळ्याला टोचलेल्या प्रूफांवरून तीन रात्रींत पुन्हा कंपोझ केल्या. एका पत्रिकेत 12.37चा मुहूर्त 12.17 झाला. तीनशे प्रती आमच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या.

तर तुम्ही काय करायचं. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. आज एक लावा, कॉपी करा, काढा, घरी न्या. पुढच्या आठवड्यात दुसरी. दोन्ही एकदम दुकानात ठेवू नका. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्यातून उघडून बघा, कारण कॉपी झाली असं वाटणं निराळं आणि फाइल उघडणं निराळं. विंडोज 7 चं मशीन फेकू नका, पण त्याची इंटरनेटची वायर काढा. त्याचे पॅच 14 जानेवारी 2020पासून बंद आहेत, कितीही महाग अँटीव्हायरस टाकलात तरी खालची भोकं तशीच राहणार. ते मशीन फक्त जुन्या फॉन्टांच्या मॅटरसाठी. मेल, व्हॉट्सअॅप, जीएसटी, बँक ह्यासाठी दुसरं मशीन. नवं नको असेल तर सेकंडहँड घ्या, पण विंडोज 11 अधिकृतपणे चालेल असंच बघा. म्हणजे टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. स्वस्त मिळतंय म्हणून विंडोज 10 वर अडकलेलं मशीन घेऊ नका, त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. विंडोज 11 बरोबर डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस येतो, तो दुकानाला पुरतो, फक्त तो कोणालाही बंद करू देऊ नका.

क्रॅकबद्दल माझं मत कडक आहे आणि ते बदलणार नाही. कोरल परवडत नसेल तर जुनं विकत घेतलेलं व्हर्जन वापरा, गिऱ्हाइकाला पीडीएफ मागा, इंकस्केप हे डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअर शिका. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या क्रॅकबरोबर ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही बऱ्याचदा येतो. आम्ही चार दिवस फाइलींसाठी रडत होतो आणि बँकेचा पासवर्ड तोवर बदललाच नव्हता. असं कधी झालं तर आधी दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. आणि झेरॉक्ससाठी लोक व्हॉट्सअॅपवर पाठवतात ती आधार कार्डं डाउनलोडमध्ये साठवू नका, रोज संध्याकाळी पुसा. ती आपली नाहीत.

पेनड्राइव्हही निर्धास्त लावू नका, हेही लिहायला हवं. शॉर्टकट व्हायरस आमच्याकडे दोनदा पेनड्राइव्हमधूनच आला होता, त्यामुळे दादाला आधी तीच शंका आली ह्यात गैर काही नाही. पण वेळा दाखवल्यावरही त्याने ते मान्य केलं नाही. आजही घरात विषय निघाला की 'तो पेनड्राइव्ह' असंच म्हणतो. त्या बाईंना मीच नंतर शोधून काढलं, घंटाळीजवळ राहतात. खरं काय झालं ते सांगितलं. पुस्तक त्यांनी दुसरीकडे छापून घेतलं होतं, एक प्रत मला दिली. दादाने मात्र त्यांना फोन केलेला नाही.

मशीन बदलायचं तर चातुर्मासात बदला, लग्नं नसतात, फॉन्ट लावून बघायला वेळ मिळतो. डिस्क मात्र आज दुकान बंद करायच्या आधी आणा.