गुन्ह्याचं समाजशास्त्र शिकताना सुरुवात कुठून करावी? ‘गरिबीमुळे गुन्हे होतात’ एवढं लिहिलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए.ला समाजशास्त्र घेतलंय, त्यात गुन्ह्याच्या समाजशास्त्राचा पेपर आहे, पुस्तकात नावं आणि सिद्धान्तांची नुसती रांग लागलीय, त्यातलं आधी काय धरायचं? आणि परीक्षेत ‘गुन्हे गरिबीमुळे होतात’ असं ठोकून दिलं तर चालतं का? मी हा विषय तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पास व्हाल. पण पेपर डोक्यावरून गेलाय हे तपासणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळेल.

वर्गात येणारी बहुतेक मुलं ‘माणूस गुन्हा का करतो?’ हा प्रश्न घेऊन येतात. तो आहेच, पण या विषयात त्याचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न असा, की अमुक कृत्य गुन्हा आहे हे ठरवलं कुणी, आणि ठरवल्यावर पकडलं कुणाला जातं? हा धागा धरून ठेवलात तर पुढची नावं आपोआप जागेवर बसतात.

गुन्हा आणि विचलन यांतला फरक आधी पक्का करा. कायदा मोडला की गुन्हा, समाजाला रुचत नाही असं वागलं की विचलन. दोन्ही नेहमी एकत्र असतात असं नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, त्यामुळे दारू प्यायला परवाना लागतो. ढाब्यावर बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, तुम्हीच बघा. कायदा मोडला जातो, पण त्या माणसाला कुणी गुन्हेगार म्हणत नाही. उलट, मुलीनं जातीबाहेर लग्न केलं तर कायद्याचा काडीचाही भंग होत नाही, तरी जातपंचायत तिच्या घराला वाळीत टाकते, दंड लावते. मग २०१६ साली आपल्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, पुढच्या वर्षी तो लागू झाला, आणि काल न्यायनिवाडा करणारे पंच आज आरोपी झाले. माणसं तीच, गाव तेच. तसंच सप्टेंबर २०१८चं. त्या एका महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं आधी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध आणि मग व्यभिचार, दोन्ही गुन्ह्यांच्या यादीतून काढले. महिन्याभरात माणसाचा स्वभाव बदलत नसतो. बदलली ती रेषा.

इथे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम येतो. १८९५ साली त्यानं लिहिलं, की गुन्हा ही समाजातली सामान्य बाब आहे. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की वर्गात कुणीतरी हमखास चिडतं. त्याचं म्हणणं गुन्हा चांगला असतो असं नाही. गुन्हा नसलेला समाजच नसतो, एवढंच. निव्वळ संतांचा समाज कल्पून बघा, तो म्हणतो; तिथे आपल्याला किरकोळ वाटणारी चूकही भयंकर ठरेल. वारकरी शिक्षण घेणाऱ्या मुलांमध्ये काकड्याला न उठणाऱ्याकडे कसं बघतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. दुर्खीमचा दुसरा मुद्दा शिक्षेचा. शिक्षा गुन्हेगाराला सुधारते की नाही हा भाग वेगळा, पण ती बाकीच्यांना एकत्र आणते, आपली मर्यादा कुठे आहे हे पुन्हा सांगते. एखाद्या भयंकर घटनेनंतर मेणबत्त्या घेऊन निघालेला मोर्चा आणि ‘फाशी द्या’ची घोषणा आठवा. गर्दी आरोपीशी बोलत नसते, आपसात बोलत असते.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त तास घालवतो ते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्ह्यांना सरावलेला आहे असं सरकारनं जाहीर केलं की विषय संपला. त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हानही देता येत नव्हतं. पाचच वर्षांनी, १८७६ साली, इटलीत चेझारे लोंब्रोझो या डॉक्टरानं गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटी-जबड्याच्या ठेवणीवरून तो ओळखता येतो, असा सिद्धान्त मांडला. तिकडे हाडं, इकडे जात, पण दोन्हीकडे गुन्हा रक्तात असतो ही समजूत एकच. लोंब्रोझोचा जन्मजात गुन्हेगार विज्ञानात टिकला नाही. आपल्याकडचा मात्र फौजदारी यंत्रणेत रुजला.

१९११ सालच्या कायद्यानं ही तरतूद मुंबई इलाख्यापर्यंत आली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, आणि कामाला गिरणीत जायचं. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला पहारा हवा होता. दोघांची सोय झाली. शहरातला तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. कैकाडी, रामोशी, बेरड, पारधी, भामटा अशा जमातींत जन्मलेल्या पोरावर त्यानं काही करायच्या आधीच शिक्का होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९४९ मध्ये कायदा उठवला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो, आणि आपल्याकडे विमुक्त जातींच्या यादीत १४ जाती आहेत, त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. पण १९५९ साली मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. कागदावर जमात गेली, व्यक्ती आली. प्रत्यक्षात परिसरात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे ग्रामीण भागात राहणाऱ्या कुणालाही विचारा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, त्यातही विमुक्त जमातींकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून बघणाऱ्या तुरुंग नियमांवर बोट ठेवावं लागलं. म्हणजे रद्द झाल्यावर ७२ वर्षांनी.

‘अमुक लोक असेच’ या समजुतीला शास्त्रीय उत्तर अमेरिकेतल्या शिकागोतून मिळालं. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके यांनी बालगुन्हेगारीच्या नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या आणि १९४२ साली त्यावर पुस्तक काढलं. मध्यभागाला लागून असलेल्या, मोडकळीला आलेल्या वस्त्यांत प्रमाण सतत जास्त. गंमत पुढे आहे: त्या वस्त्यांत राहणारे लोक बदलत गेले. आधी जर्मन, आयरिश. ते सावरून बाहेर पडले की इटालियन, पोलिश. लोक बदलले तरी वस्तीचा आकडा तसाच, आणि बाहेर पडलेल्यांची मुलं इतरांसारखीच. दोष रक्तात असता तर तो त्यांच्या सामानाबरोबर नव्या घरी गेला असता. यालाच सामाजिक विघटनाचा सिद्धान्त म्हणतात.

सेटलमेंट समजली असेल तर लेबलिंग, म्हणजे शिक्का मारण्याचा, सिद्धान्त निम्मा झाला. एडविन लेमर्टनं १९५१ साली प्राथमिक आणि दुय्यम विचलन वेगळं केलं, हॉवर्ड बेकरनं १९६३ साली म्हटलं की विचलित तो, ज्याच्यावर तो शिक्का यशस्वीपणे बसवला गेला. आपल्या वर्तमानपत्रांतले शब्द घ्या: ‘सराईत’, ‘रेकॉर्डवरचा’, ‘तडीपार’. पोरानं एकदा मारामारी केली हे प्राथमिक. मग नाव ठाण्यात चढतं, गणपती आला की उचलून बसवतात, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवतात, कामावर कुणी ठेवत नाही. शेवटी त्याला जवळ करणारे उरतात ते तसलेच. पुढचं जे घडतं ते दुय्यम. मला स्वतःला हा सिद्धान्त थोडा अपुरा वाटतो, पहिली मारामारी का झाली हे तो सांगतच नाही. पण आपल्याकडे तो फार चपखल बसतो, हे मान्य करावं लागतं.

आता तुमची गरिबी. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन, १९३८. त्याचं म्हणणं गरिबीनं गुन्हा होतो असं नाहीच. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि तिथे पोचायचे रस्ते मोजक्यांनाच देतो. त्या ताणातून माणसं वेगवेगळ्या तऱ्हेनं वाट काढतात. आपलं सरकारी नोकरीचं स्वप्न घ्या. नियमानं अभ्यास करणारा अनुपालक. पैसे मोजून गुण वाढवून घेणारा, २०२१ साली उघड झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात असे आरोप झाले, तो मर्टनच्या भाषेत नवप्रवर्तक: ध्येय मान्य, रस्ता नाही. निवड होईल ही आशा कधीच सोडलेला, तरी रोज अभ्यासिकेत जाऊन बसणारा कर्मकांडी. सगळंच सोडून बाटलीला लागलेला पलायनवादी, आणि व्यवस्थाच उलथवायला निघालेला बंडखोर. कर्मकांडी कोण हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प होतो. प्रत्येकाला एखादा दादा आठवत असतो.

आणि गरिबीवर मोठा घाव एडविन सदरलँडनं घातला. १९३९ साली तो अमेरिकन समाजशास्त्रज्ञांसमोर म्हणाला, की तुमचे सगळे सिद्धान्त तुरुंगातल्या गरिबांवर बेतलेत, प्रतिष्ठितांचे व्यवसायातले गुन्हे तुम्ही मोजतच नाही. पांढरपेशी गुन्हेगारी ही संकल्पना तिथली. त्यानं ७० मोठ्या कंपन्यांची प्रकरणं तपासली. १९४९ साली पुस्तक आलं ते कंपन्यांची नावं गाळून, कारण प्रकाशकाला खटल्यांची भीती होती. नावांसकट आवृत्ती १९८३ साली निघाली, तेव्हा त्याला जाऊन तीन दशकं उलटली होती. त्याचा दुसरा सिद्धान्त, विभेदक साहचर्याचा: गुन्हा संगतीत शिकला जातो, नुसती रीतच नव्हे तर ‘यात काय एवढं’ हे समर्थनही. खिसेकापू आणि हिशेब फिरवणारा मॅनेजर, दोघांनाही लागू.

मग गरीबच जास्त का दिसतात? कारण मोजणी. आमच्या एका विद्यार्थिनीचा मोबाइल एसटी स्टँडवर चढताना गेला. ठाण्यात अंमलदार म्हणाला, ‘चोरी कशाला लिहितेस, गहाळ लिही, सिम लगेच मिळेल.’ तिनं लिहिलं. सिम मिळालं, चोरी मात्र त्या वर्षीच्या आकड्यांत कधीच आली नाही. देशाचे आकडे काढणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) नोंदलेले गुन्हेच मोजतो, आणि एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर तेवढंच धरतो. त्याच आकड्यांत केरळचा गुन्हेदर उत्तर प्रदेशाच्या कितीतरी वर दिसतो. तिथे लोक ठाण्यात जातात आणि ठाणं नोंद घेतं, हे त्यामागचं मोठं कारण. तेव्हा ‘गरीब राज्यांत गुन्हे जास्त’ हे आकड्यांनी सिद्ध करायला जाल तर आकडेच तुमच्याविरुद्ध साक्ष देतील.

ट्रॅव्हिस हर्शी राहिलाच. त्याचा १९६९चा प्रश्न उलटा आहे: बाकीचे लोक गुन्हा का करत नाहीत? जवळच्यांची ओढ, गमावण्यासारखं काहीतरी, कामात गुंतलेपण आणि नियमांवरचा विश्वास, असे चार बंध तो सांगतो. यावर बहुधा टीप येते, चारही बंध उदाहरणासकट लिहा.